धुक्याला काठ नसतो, भाऊ

भाऊ, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी माती खाल्ली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मास्तरनं जन्मात दुसरं काय खाल्लंय?" पण तुम्ही फोटोत होतात, आणि फोटोतल्या माणसाला उलट बोलता येत नाही, याचा मला फायदा होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

परंदवडीला तुमच्या घरापुढे मांडव होता. बुद्धवंदना झाली, जलदान विधी झाला, मग एकेक जण उठून दोन शब्द बोलू लागला. सगळे हळू आवाजात, जपून, तुम्ही आत झोपला असल्यासारखे. माझं नाव पुकारलं. मी घरून चांगलं पान दीड पान लिहून नेलं होतं. 'रेषेचा साधक' वगैरे शब्द घातले होते. खिशात हात घातला तर हातात लाँड्रीची पावती. दोन शर्ट, एक पँट, एक चादर. भाषण घरी टेबलावर.

घाबरलो की मी गोष्ट सांगतो, हे तुम्हाला माहीत आहे. मी कोंबडीची गोष्ट सांगितली. मांडवात, तुमच्या फोटोसमोर! गोष्ट अर्ध्यात आली तोच पुढच्या सतरंजीवरची सगळी पोरं उठली आणि आपल्या सिनेमातल्या नांग्या खेकड्याची चाल चालायला लागली. मान पुढे, मान मागे, कोपरं बाहेर, तोंड एकदम गंभीर. अख्खी रांग मांडवातून चालत गेली. आधी कुणीतरी तोंडावर रुमाल धरला, मग सगळा मांडव हसला. तुमची लेक सुजाता ओढणीनं डोळे पुसत हसत होती. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात मागून एक आजोबा ओरडले, "मास्तर, नांग्याचा तिसरा भाग कवा?"

मी म्हणालो, "लवकरच!"

टाळ्या पडल्या, भाऊ. तुमच्या शोकसभेत तिसऱ्या भागाला टाळ्या पडल्या. मी खाली बसलो तेव्हा तुमच्या फोटोकडे पाहिलं नाही, कारण त्या 'लवकरच'च्या खाली मी एक गोष्ट दडवून ठेवलेली आहे. ती तुम्हाला सांगायची होती आणि सांगितली नाही. आज सांगणार आहे. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. सरळ जायचं म्हटलं तरी मी आधी बाजारातून एक फेरी मारून येतो.

तर, कोंबडी.

लोणावळ्याच्या बाजारात कोल्ड्रिंकच्या गोदामावर आपली ती खोली. मी शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून आलेलो, म्हणून कायमचा मास्तर. तुम्ही मुंबईच्या सरकारी नोकरीत चित्रं हलवायला, म्हणजे कार्टून सिनेमे करायला, शिकून, पुन्हा गावी येऊन हॉटेलांच्या पाट्या रंगवणारे. कामाची वाटणी पहिल्या दिवशी ठरली ती तुम्ही जाईपर्यंत बदलली नाही. मुख्य चित्रं तुमची, मधली माझी. खेकडा दगडाच्या या टोकाला, हे तुमचं चित्र. खेकडा दगडाच्या त्या टोकाला, हेही तुमचंच. तो इथून तिथे पोचेपर्यंतची पंधरा-सोळा चित्रं माझी. काचेच्या टेबलाखाली दिवा, टेबलावर तुमची दोन चित्रं, त्यांच्यावर माझा कोरा कागद, आणि दोन्हींच्या मधोमध रेघ ओढायची. वीस वर्षं मी तुमच्या दोन चित्रांच्या मध्ये राहिलो. पुढे कुठे जायचं हे मला कधी ठरवावंच लागलं नाही. लोक याला कष्ट म्हणतात. मला ती सोय होती.

आणि खेकडा म्हणजे छळ. आठ पाय, दोन नांग्या, प्रत्येक चित्रात दहा अवयव, तेही तिरके चालणारे. मी आळशी. कपाटात आपण आधी केलेल्या कोंबडीखाद्याच्या जाहिरातीची चित्रं पडली होती. त्यातली कोंबडीची चाल मी उचलली आणि तिच्यावर खेकडा गिरवला. पाय धुळीत लपवले. एका दुपारी काम संपवलं आणि तुम्हाला सांगितलं की फार अभ्यास करावा लागला.

तुम्ही ती चित्रं पडद्यावर चालवून पाहिली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. मावळातला खेकडा, भातखाचरातला, मान नसताना मान हलवत नाकासमोर चाललेला. तुम्ही चष्मा काढला आणि विचारलं, "मास्तर, ह्यो अंडी कवा घालनार?"

मी म्हणालो, "भाऊ, हा जरा वेगळा खेकडा आहे."

"व्हय, दिसतंय की. खुराड्यात वाढलाय जनू."

आणि तुम्ही तिथेच थांबलात. मला आजही तुमचा तो चेहरा आठवतो. चित्रं फाडायच्या ऐवजी तुम्ही गोष्टच फाडलीत. खेकड्याचं पिल्लू चुकून खुराड्यात येतं, कोंबडी त्याला आपलं म्हणते, ते तिच्यासारखं चालायला शिकतं, आणि मोठं झाल्यावर ओढ्यावरचे खेकडे त्याला हसतात. सगळा सिनेमा त्या एका चोरीतून निघाला. मी कामचुकारपणा केला आणि तुम्ही त्याला आई दिलीत. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. उलट चार ठिकाणी सांगितलं की कल्पना दोघांची.

पहिला भाग थिएटरात एक आठवडा टिकला, तोही दुपारी बाराच्या खेळाला. मग तो शाळाशाळांतून फिरला, मग मोबाइलवर गेला, आणि मग काय झालं ते आपल्यालाही कळलं नाही. पोरं नांग्याची चाल चालायला लागली. मुंबईच्या कंपनीचे लोक लोणावळ्याला आले, कोल्ड्रिंकच्या खोक्यांवर बसले, आणि नांग्याला विकत घेऊन गेले. करार मी वाचला. म्हणजे वाचल्यासारखं केलं. चष्मा घरी राहिला होता आणि त्या इस्त्रीतल्या लोकांसमोर सांगायची लाज वाटली. तुम्ही विचारलंत, "मास्तर, वाचलं ना नीट?" मी म्हटलं, "एकदम व्यवस्थित." तुम्ही सही केलीत. नंतर कळलं, पुढचे सगळे भाग त्यातच गेले होते. तुम्ही त्यावर एवढंच म्हणालात, "जाऊ दे. त्याचा जीव आपल्या कपाटात थोडाच मावनार व्हता." मी रात्रभर तुमच्या रागाची वाट पाहिली होती, भाऊ. रागावला असतात तर बरं झालं असतं.

दुसरा भाग आपण तळेगावच्या मॉलमध्ये पाहिला. आठवतं? तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि पॉपकॉर्नचा डबा मांडीवर धरून शेवटपर्यंत त्यातलं एकही खाल्लं नव्हतं. पडद्यावर नांग्या आला. केवढा मोठा! पाठीवर थेंब चमकत होते, नांगीवरची लव मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. आणि चाल तीच. माझी कोंबडी. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये माझ्या आळसावर शिट्ट्या पडत होत्या. मध्यंतरात कंपनीचा एक तरुण मुलगा भेटला. म्हणाला, "सर, त्या वॉकमध्ये जो इनोसन्स आहे ना, तो पकडायला आमची टीम तीन आठवडे बसली." मी गंभीरपणे मान हलवली. मागे-पुढे. तुम्ही दुसरीकडे तोंड करून खोकत होतात.

पण नंतर, गाडीत, तुम्ही तो डबा घट्ट धरून बसलात. मी विचारलं, "आवडला नाही का?"

"चांगला केलाय. लय साफ केलाय." सोमाटणे फाटा गेल्यावर म्हणालात, "मास्तर, माज्या शेजारचं पोरगं पायलंस का? पुढं काय व्हनार ते त्याला ठावं व्हतं. आधीच वरडत व्हतं. आन् तरी हसत व्हतं. ठावं व्हतं म्हनूनच हसत व्हतं."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलंच हाय. पन आता ठावं नसलेलं कोन मागनार?"

मी म्हणालो, जगाची रीतच अशी आहे, लोकांना ओळखीचं आवडतं, कंपन्या ओळखीचंच करणार, दुसरा भाग चालला की तिसरा, तिसरा चालला की चौथा. आपण कशाला त्रास करून घ्यायचा? तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मला वाटलं गाडी बाजूला घ्यावी.

"तुमी शिकलेले," तुम्ही म्हणालात. रागावलात की मला 'तुमी' म्हणायचात. "मला येवडंच सांगा. पैला भाग काडल्याबिगर दुसरा कुटनं येनार? नांग्या बी येकदा नवाच व्हता की. आन् तवा त्याला कुनी मागितला व्हता?"

मी गिअर बदलला. तो वाद तिथेच राहिला, परंदवडीच्या वळणावर. तुम्ही दार आपटून उतरलात आणि पॉपकॉर्नचा भरलेला डबा सीटवर विसरलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खोलीवर आलात आणि न बोलता धुकं काढायला बसलात.

विसरभोळं धुकं. ते डोंगरावरून खाली येतं, गावातल्या वस्तू गिळतं आणि जाताना सगळं परत देतं, पण कुणाचं कुठून घेतलं ते त्याला आठवत नाही. एकाची म्हैस दुसऱ्याच्या ओट्यावर. शाळेची घंटा विहिरीत. नवऱ्यावर रुसून निघालेली बाई धुक्यातून बाहेर येते ती थेट माहेरच्या अंगणात. बिचारं धुकं चुका दुरुस्त करायला पुन्हापुन्हा खाली येतं आणि आणखी गोंधळ घालतं. मी ऐकलं तेव्हा इतका हसलो की चहा सांडला. तुमच्या चित्रावर. मग ते चित्र वाळवायला इस्त्री फिरवली आणि जाळलं. तुम्ही विचारलंत तर म्हणालो, उंदरांनी कुरतडलं. तुम्ही तो तपकिरी झालेला काठ नाकाशी धरलात. "उंदरांनी इस्त्री कवा घेतली, मास्तर?"

पण हसणं संपलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तुम्ही मला पहिली दोन मुख्य चित्रं दिलीत आणि म्हणालात, भर मधली. मी काचेच्या टेबलाशी बसलो आणि हात हलेना. खेकड्याला कड असते, कोंबडीला असते, म्हशीला असते. धुक्याला काठच नसतो! जिथे रेघ ओढायची ती जागाच नाही. कपाटात चोरायला काही नव्हतं. धुकं कसं चालतं हे दाखवणारी जाहिरात आपण केली नव्हती.

तुम्ही म्हणालात, "रेघ वडूच नगंस. ज्ये झाकलंय त्येच काड. निम्मी म्हस काड. निम्मा दरवाजा काड. जितं रेघ थांबती तितं धुकं सुरू."

दोन पावसाळे आपण ते केलं. खोलीत ओल इतकी की कागद फुगायचे, कागद जागचा हलू नये म्हणून टेबलावर ज्या खुंट्या असतात त्यांत त्यांची भोकं बसायची नाहीत आणि पडद्यावर अख्खं गाव थरथरायचं. मी कटकट करायचो. तुम्ही म्हणायचात, "थरथरू दे. भ्यालंय गाव." तुम्हाला त्या थरथरीचीही गोष्ट करता यायची. मला नुसती थरथर यायची.

आता बाजार संपला, भाऊ. घर आलं. सांगतो.

मागच्या वर्षी कंपनीनं मला मुंबईला बोलावलं होतं. तुम्ही येत नाही म्हणालात, धुक्यातल्या बाईचा पदर काढायचा होता. काचेच्या खोलीत आठ-दहा जण, सगळे माझ्या मुलांच्या वयाचे. दुसऱ्या भागाचं कौतुक झालं. मग एका बाईंनी विचारलं, "सर, थर्ड पार्टसाठी तुमच्या डोक्यात काही नवीन?" आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले.

माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. कधीच नव्हतं. मी मधली चित्रं काढणारा माणूस. त्या शांततेत मला वाटलं, आता यांना कळणार. कोंबडीची चोरी, बिनचष्म्यानं वाचलेला करार, 'कल्पना दोघांची', सगळं कळणार. मी घाबरलो. आणि घाबरलो की मी गोष्ट सांगतो.

मी तुमचं धुकं सांगितलं. म्हैस, घंटा, माहेरची बाई, सगळं. हातवारे करून सांगितलं. फार चांगलं सांगितलं, भाऊ, इतकं चांगलं मी काहीच कधी सांगितलं नव्हतं. ते हसले. एक जण टेबलावर थाप मारून म्हणाला, "नांग्या धुक्यात! हाच थर्ड पार्ट!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हाच म्हणता आलं असतं की थांबा, हे नांग्याचं नाही, हे भाऊंचं आहे, वेगळं आहे. मी बिस्कीट खाल्लं.

परत आलो तर तुम्ही विचारलंत, "काय म्हनत व्हते?"

मी म्हणालो, "काही नाही. चहा बरा होता."

त्यानंतर तुम्ही आठ महिने होतात. रोज समोरच्या टेबलावर. चहाची किटली मधोमध. मी रोज ठरवायचो, आज सांगू. तुम्ही एखादं चित्र दाखवायचात, "ह्ये बग, जमलंय का?" आणि मला वाटायचं, आत्ता सांगितलं तर हात थांबेल यांचा, उद्या सांगू. खरं कारण ते नव्हतं. तुम्ही मला 'तुमी' म्हणाल आणि पुन्हा कधी 'तू' म्हणणार नाही, याची भीती होती. मग त्या गुरुवारी तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. सकाळी फोनवर शेवटचं काय बोललात? "त्या घंटंच्या चित्राला हात लावू नगंस, मी आल्याव बगतो." तसंच ठेवलंय. हात लावलेला नाही.

मांडवात मी 'लवकरच' म्हणालो त्याच्या दुसऱ्या दिवशी मोबाइल वाजला. कंपनीकडून एक चित्र आलं होतं. नांग्या धुक्यात उभा, मागे अर्धी म्हैस, अर्धा दरवाजा. भाऊ, ते तुमचं चित्र होतं. दरवाजाची कडी तुम्ही काढता तशी, जराशी डावीकडे कललेली. म्हशीच्या शिंगाला तुमचा तो झटका. क्षणभर मला वाटलं, तुम्हीच पाठवलं. मी खरंच खोलीच्या दाराकडे पाहिलं. खाली लिहिलं होतं की हे पहिल्या भागातल्या चित्रांवरून यंत्रानं काही मिनिटांत केलंय, नुसता नमुना आहे. बाकीची चित्रं मिळाली, विशेषतः धुक्याची, तर भाऊंची शैली कायम जिवंत ठेवता येईल. सोबत करार. माझी सही आणि वारस म्हणून सुजाताची.

मी ते चित्र किती तरी वेळ पाहत बसलो. त्यात चूक सापडेना. माणूस गेला आणि त्याचा हात राहिला, याची मला जी भीती वाटली ती तुम्ही गेल्याच्या बातमीनंही वाटली नव्हती. हा हात आता थकणार नाही, रुसणार नाही, गाडीतून दार आपटून उतरणार नाही. त्याला काहीही काढायला सांगा. तिसरा भाग, चौथा, दहावा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मला तो आवडला. हळूहळू दिसलं की धुक्याला त्यानं एक बारीकशी कड दिली होती. सुंदर, मऊ, गोल कड. ज्या कडेशी तुम्ही दोन पावसाळे भांडलात ती. पण हे मला किती उशिरा दिसलं! मांडवातल्या पोरांना ते कोण दाखवणार? आणि का दाखवावं?

मी सुजाताला भेटायला नवलाख उंबऱ्याला, तिच्या कारखान्यावर गेलो. घरी सांगायचं धाडस नव्हतं, तुमचा फोटो आहे तिथे. तिची पहिली शिफ्ट सुटायची वेळ. कारखान्याच्या गेटासमोर चहाच्या टपरीवर थांबलो. ती युनिफॉर्ममध्ये, गळ्यात कार्ड, दमलेली. मी सगळं सांगितलं. मध्ये विनोद करायचा प्रयत्न केला, ती हसली नाही.

"बाबांना का नाही सांगितलंत, काका?"

"भीती वाटली."

"आणि मला का सांगताय?"

"तेपण भीतीनंच. सही तुझी लागते."

"म्हणजे सही लागली नसती तर?"

मी चहाकडे पाहिलं. बसेस सुटत होत्या, तिची बसही सुटली.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "पण त्यानं काय होणार? ते करणारच ना सिनेमा?"

"करणारच. नांग्या त्यांचाच आहे. धुकं तर कुणाच्याच नावावर नाही. मीच सांगून बसलोय."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"बाबांचं धुकं पुरं कोण करणार?"

मी म्हटलं, अगं, मी मधली चित्रं काढणारा माणूस, मुख्य चित्रं त्यांची, पुढची चित्रंच नाहीत तर मध्ये काय भरू? आणि आपला सिनेमा यायच्या आधी त्यांचा येईल, मोठ्या पडद्यावर. मग लोक म्हणतील की लोणावळ्याच्या म्हाताऱ्यानं नांग्यावरून ढापलं. मी फार मुद्देसूद बोललो. घाबरलो की कधीकधी मुद्देसूदही बोलतो.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मी क्वालिटीला आहे. दिवसभर एकच बघते, पार्ट ठरल्यासारखा आलाय की नाही. तुम्ही घरी जा आणि बाबांच्या शेवटच्या चित्राच्या पुढचं चित्र काढा. मग दोन्ही मला दाखवा. तुम्ही न सांगता मी ओळखलं पाहिजे कुठलं कुणाचं. नाही ओळखता आलं तर काढू नका पुढे. मग ते मशीन काय वाईट आहे?"

मी कंपनीला कळवलं की चित्रं मिळणार नाहीत. त्यांचं उत्तर फार सभ्य आलं. तुमच्या स्मृतीचा आदर आहे, निर्णयाचा आदर आहे, तिसऱ्या भागाचं काम सुरू झालं आहे, पुढल्या वर्षी प्रीमियरला या. मी ते वाचून आधी शेवटच्या ओळीचा आनंद मानला, भाऊ, हे लिहायला लाज वाटते. कोणता शर्ट घालावा असंसुद्धा मनात आलं.

मग काचेच्या टेबलाशी बसलो. खाली घंटेचं चित्र, वर माझा कोरा कागद. पुढच्या चित्राची जागा रिकामी. पहिल्या दिवशी जे काढलं ते हुबेहूब तुमचं झालं. मला केवढा अभिमान वाटला! दोन्ही कागद घेऊन परंदवडीला गेलो. सुजातानं पाहिलं, उलटसुलट केलं, म्हणाली, "नाही ओळखता येत," आणि परत दिले. तिच्या आईनं चहा केला. मी तो न पिता निघालो.

दुसऱ्यांदा नेलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी मुद्दाम वेगळं काढलं, तर ती म्हणाली, "हे कुणाचंच नाही." वीस वर्षं माझा हात तुमच्या दोन चित्रांच्या मध्ये होता. तो स्वतः कुठे जातो हे मलाच माहीत नव्हतं. घरी आलो आणि काही दिवस टेबलाखालचा दिवा लावलाच नाही. धुकं मात्र येत होतं खिडकीतून, कागद फुगवत होतं, आणि मला वाटत होतं की ते मला विचारतंय, यातलं तुझं कुठलं?

परवा पुन्हा बसलो. भीतीनं हात इतका कापत होता की सरळ रेघ येईना. घंटा वाकडी झाली. विहिरीचा काठ मध्येच तुटला. ती माहेरी पोचलेली बाई, जिला तुम्ही घंटेच्या चित्रात पाठमोरी ठेवली होती, ती माझ्याकडून चुकून वळली आणि प्रेक्षकांकडे पाहायला लागली, अशा तोंडानं की आपण कुठे आलो हे तिला अजिबात कळलेलं नाही. पुसायला रबर घेतला आणि तो कपाटाखाली गेला. म्हणून राहिलं.

काल दोन्ही कागद घेऊन गेलो. सुजातानं ते ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. या वेळी उलटसुलट केले नाहीत. एका कागदावर बोट ठेवलं.

"हे वाईट आहे," ती म्हणाली. "हे तुमचं ना?"

मी म्हटलं, "हो."

"ही बाई फार घाबरलेली दिसते, काका."

"हो."

ती त्या बाईकडे बघत राहिली. मग दोन्ही कागद जुळवून माझ्या हातात दिले.

"पुढचं काढा."